जुनं रेसिंग क्रोनोग्राफ हातात आलं की काय, कधी आणि कोणत्या क्रमाने करायचं

पन्नास-साठ वर्षं नीट टिकलेलं क्रोनोग्राफ, म्हणजे बटणं दाबून वेळ मोजता येणारं घड्याळ, नव्या मालकाकडे आल्यावर पहिल्या महिन्यातच बिघडतं, आणि बहुतेक वेळा ते हौसेपायी बिघडतं. पार्सल उघडलं की आधी बटणं दाबून पाहिली जातात, मग भरपूर चावी दिली जाते, मग "जरा चमकवून द्या" म्हणून ते दुकानात जातं. परत येतं तेव्हा लगच्या (पट्टा अडकवायच्या केसच्या शिंगांच्या) कडा गोल झालेल्या असतात आणि डायल पुसलेली असते. यातलं काहीच पूर्ववत करता येत नाही. म्हणून इथला सगळा क्रम एकाच हिशेबाने लावला आहे: जे केल्यावर मागे फिरता येतं ते आधी, जे केल्यावर फिरता येत नाही ते सगळ्यात शेवटी, आणि शक्य असेल तर कधीच नाही.

उदाहरण म्हणून समोर ठेवलंय ह्यूअर कॅरेरा, संदर्भ क्रमांक २४४७. १९६३ मध्ये आलेलं हे घड्याळ. साधारण ३६ मिलिमीटरची केस, आत चावीचं व्हालजू ७२ मशीन, तीन छोट्या डायली: ९ वर चालू सेकंद, ३ वर ३० मिनिटं, ६ वर १२ तास. त्या काळातल्या चावीच्या इतर क्रोनोग्राफनाही, उदाहरणार्थ ३२१ मशीनच्या ओमेगा स्पीडमास्टरला, बहुतेक पायऱ्या तशाच लागू पडतात.

## तयारी: घड्याळ बाहेर काढण्याआधी

टेबलावर जाड, मऊ कापड पसरा आणि त्यावर कडा असलेला ट्रे ठेवा. पट्टा काढताना स्प्रिंगबार (पट्टा धरून ठेवणारी बारीक सळई) उडतो तेव्हा तो ट्रेमध्येच पडायला हवा. फरशीवर उभं राहून घड्याळ हाताळू नका, बसूनच हाताळा. पंखा बंद.

जवळ हे असू द्या:

- १० पट मोठं दाखवणारं भिंग
- पांढऱ्या उजेडाचा दिवा, जो तिरका धरता येईल
- ३६५ नॅनोमीटरचा यूव्ही टॉर्च (नोटा तपासायचे स्वस्त जांभळे टॉर्च बऱ्याचदा ३९५ चे असतात, त्यात जुना चमकरंग नीट कळत नाही)
- हवा मारायचा रबरी फुगा
- कमी चिकट मास्किंग टेप
- साधं होकायंत्र
- वही आणि फोनचा कॅमेरा

पॉलिशची क्रीम, टूथपेस्ट, स्पिरिट, इअरबड यांपैकी काहीही टेबलावर ठेवू नका. हाताशी असलं की वापरलं जातं.

## टप्पा १: फक्त पाहणं, चावी न देता

आधी फोटो. समोरून, मागून, दोन्ही बाजूंनी, चारही लग जवळून, चावी आणि बटणं जवळून. दिवा समोरून न धरता कडेने, जवळजवळ आडवा धरा. डायलवरचे फुगवटे, पुसट डाग आणि केसवरची पॉलिश तिरक्या उजेडातच उघडी पडते.

केस. कॅरेराच्या लगांना सपाट पैलू असतात आणि दोन पैलू जिथे भेटतात तिथे स्पष्ट धार असते. ती बोटाला जाणवली पाहिजे. धार विरघळल्यासारखी दिसत असेल, तर केस बफवर धरली गेली आहे. चारही लगांची जाडी एकमेकांशी ताडून पाहा. हाताने बफ करणारा माणूस चारही कोपऱ्यांवर सारखा दाब देऊ शकत नाही, त्यामुळे एखादा लग हमखास बारीक दिसतो. ओरखडे असलेली पण धारदार केस ही चकचकीत पण गोल झालेल्या केसपेक्षा केव्हाही चांगली.

क्रमांक. पट्टा काढा. त्याआधी लगच्या आतल्या आणि मागच्या बाजूला टेप लावा, कारण हत्यार घसरलं की ओरखडा तिथेच उमटतो. १२ च्या बाजूला दोन लगांच्या मध्ये संदर्भ क्रमांक आणि ६ च्या बाजूला अनुक्रमांक कोरलेला असतो. अंक खोल आणि कडक दिसायला हवेत. संदर्भ क्रमांकाला अक्षरं जोडलेली असतील तर ती डायलशी जुळवा: एस म्हणजे चंदेरी, एन म्हणजे काळी, एसएन म्हणजे चंदेरी डायलवर काळ्या छोट्या डायली, टी म्हणजे टॅकिमीटर (वेग वाचायची पट्टी).

डायल. भिंगाखाली अक्षरांच्या कडा पाहा. मूळ छपाईत शाईला किंचित उंची असते आणि कडा स्वच्छ तुटते. पुन्हा रंगवलेल्या डायलवर अक्षरं सपाट किंवा जाड पसरलेली दिसतात, छोट्या डायलींच्या वर्तुळरेषा एकसमान नसतात, काही रेषा अंकाला चिकटतात. मुंबईत जुन्या तीन काट्यांच्या घड्याळांच्या डायली रंगवून विकण्याचा मोठा उद्योग चालत आला आहे, त्यामुळे आपल्याकडे नव्यासारखी लख्ख डायल पाहिली की खुश होण्याची सवय जडली आहे. क्रोनोग्राफच्या बाबतीत ती सवय सोडा. एकसारखा पिवळसरपणा आणि बारीक ठिपके हे दोष नाहीत.

कडेची पट्टी. कॅरेरामध्ये इथेच सगळ्यात जास्त चुका होतात. डायलच्या भोवती, काचेच्या आत, एक तिरकी पट्टी दिसते. सेकंदाचे पाचवे भाग तिच्यावर छापलेले असतात. ही पट्टी डायलचा भाग नाही. प्लास्टिकच्या काचेला आतून ताणून धरणारी ती पोलादी रिंग आहे. काच बदलताना ती सुटी होते. म्हणून पाहा: पट्टीवरची १२ ची खूण डायलवरच्या १२ च्या खुणेच्या रेषेत आहे का? छपाई कुठे खरवडली आहे का? खूण सरकलेली असेल तर काच पूर्वी कधीतरी बदलली गेली आहे आणि ती बसवणाऱ्याने घाई केली आहे.

> तपासा: या टप्प्याअखेर वहीत केस, क्रमांक, डायल, रिंग, काटे, चावी आणि बटणं, प्रत्येकाची एकेक ओळ लिहिलेली असावी. अजून चावी दिलेली नाही.

## टप्पा २: थोडी चावी आणि शांत बसणं

घड्याळ मनगटावर असताना चावी देऊ नका. मनगटावर चावी तिरकी ओढली जाते आणि तिच्या दांड्यावर ताण येतो. हातात धरा आणि पहिल्या वेळी फक्त ८-१० फिरक्या द्या. घड्याळ वर्षानुवर्षं बंद असेल तर आतलं तेल सुकून डिंकासारखं झालेलं असतं. पूर्ण ताण दिला तर कोरड्या टोकांवर ते घासत चालतं.

९ च्या छोट्या डायलवर सेकंद काटा सलग चालला पाहिजे. घड्याळ आडवं, मग उभं, मग चावी खाली अशा स्थितींत दोन-दोन मिनिटं ठेवा. एखाद्या स्थितीत थांबलं तर पुढचे टप्पे थांबवा आणि सरळ टप्पा ६ ला जा.

"चावी जास्त दिली म्हणून बंद पडलं" हे आपण सगळ्यांनी ऐकलेलं आहे. ते खरं नाही. स्प्रिंग पूर्ण भरूनही मशीन चालत नसेल, तर त्यात घाण किंवा सुकलेलं तेल आहे. चाललं तर दुसऱ्या दिवशी पूर्ण चावी द्या. फिरक्या मोजू नका. स्पष्ट अडथळा लागला की थांबा, त्यापुढे अर्धी फिरकीही नको.

वेळ लावताना चावी ओढल्यावर सेकंद काटा थांबत नाही. या मशीनची रचनाच तशी आहे, बिघाड समजू नका. क्रोनोग्राफ बंद ठेवून चोवीस तास चालू द्या आणि फरक लिहा. दिवसाला अर्धा-एक मिनिट पुढेमागे झालं तर सर्व्हिस न झालेल्या घड्याळाला ते चालतं. दिवसाला कित्येक मिनिटं पुढे पळत असेल तर होकायंत्राजवळ धरा. सुई हलली तर चुंबकत्व शिरलंय. ते काढायला चुंबकत्व काढायच्या यंत्रावर काही सेकंद पुरतात आणि मशीन उघडावंही लागत नाही.

## टप्पा ३: क्रोनोग्राफची परीक्षा

घाई सगळ्यात जास्त इथे होते. खरी माहितीही इथेच मिळते, म्हणून याला एक अख्खी संध्याकाळ द्या.

आधी आत काय होतं ते समजून घ्या. २ च्या बाजूचं बटण चालू आणि बंद करतं, ४ च्या बाजूचं शून्यावर आणतं. चालू केल्यावर एक छोटं चाक आडवं सरकून मधल्या क्रोनोग्राफ चाकाच्या दातांत घुसतं. दात दाताला भिडतात, म्हणून सुरुवातीला मोठा काटा (मधला, क्रोनोग्राफचे सेकंद दाखवणारा) किंचित उडी मारू शकतो. ते नैसर्गिक आहे. शून्यावर आणताना हातोडीसारख्या पट्ट्या हृदयाच्या आकाराच्या कॅमवर आपटतात आणि काटा जिथे असेल तिथून जवळच्या बाजूने परत येतो.

> इशारा: क्रोनोग्राफ चालू असताना ४ चं बटण कधीही दाबू नका. या मशीनमध्ये ते अडवलेलं असतं. जोर लावला तर अडवणारा भाग किंवा बटणाचा दांडा वाकतो. क्रम कायम एकच: चालू, बंद, शून्य.

१. पूर्ण चावी देऊन घड्याळ पाच मिनिटं चालू द्या.

२. २ चं बटण एका दमात, शेवटपर्यंत दाबा. अर्धवट दाबून चाचपडू नका. बटण अर्ध्यावर सोडलं तर चाक दातांच्या टोकांवर अडकतं. "टक्" असा स्वच्छ टप्पा बोटाला जाणवला पाहिजे. कॉलम व्हीलच्या (उभ्या खांबांच्या चाकाने क्रोनोग्राफ चालू-बंद करणाऱ्या) मशीनचं दाबणं दोन्ही वेळा जवळजवळ सारखं लागतं.

३. लगेच ९ कडे पाहा. चालू सेकंदाचा काटा क्रोनोग्राफ सुरू झाल्यावरही चालत राहायला हवा. तो अडखळला किंवा थांबला तर मशीनमध्ये जोर कमी आहे किंवा चाकं एकमेकांत जास्त खोल रुतताहेत.

४. भिंगातून मोठा काटा पाहा. मशीन तासाला १८,००० ठोके देतं, म्हणजे सेकंदाला ५. काटा सेकंदाच्या पाचव्या भागांवरच थांबतो. कडेच्या रिंगवरच्या खुणा म्हणूनच पाचव्या भागांच्या आहेत. या घड्याळाने सेकंदाचा दहावा भाग मोजता येतो असं कुणी सांगितलं तर त्याच्या बाकीच्या माहितीवरही विसंबू नका.

५. मोठा काटा ६० ओलांडताना ३ वरचा मिनिटकाटा एका घरातून पुढच्या घरात उडी मारतो. ५९ च्या आसपास हलायला लागून ६० ला घरात बसणं ठीक. दोन घरांच्या मध्ये लटकला किंवा एकदम दोन घरं गेला, तर जोडचाकाची खोली बिघडलेली आहे.

६. बंद करा, शून्यावर आणा. आता हेच दहा वेळा करा, पण दर वेळी वेगळ्या जागी थांबवा: ७ सेकंद, १५, २८, ३२, ४५, ५५ वगैरे. दर वेळी काटा कुठे बसला ते लिहा.

या दहा नोंदी काय सांगतात ते पाहा. काटा दर वेळी शून्यापासून तेवढाच, त्याच बाजूला हटून बसत असेल तर तो फक्त तिरका बसवलेला आहे. सर्व्हिसच्या वेळी नीट होईल, काळजी नको. काटा दर वेळी वेगळ्या जागी बसत असेल तर काट्याची नळी ढिली झाली आहे किंवा हातोडी कॅमवर पूर्ण बसत नाही. हे गंभीर आहे. पहिला आणि दुसरा दोष वरवर सारखेच दिसतात, आणि बरेच जण दोन-तीनदाच दाबून पाहतात, म्हणून फरक कळत नाही.

७. आता सलग पस्तीस मिनिटं चालू ठेवा. ३० व्या मिनिटाला ३ वरचा काटा पुन्हा वर आलेला हवा आणि ६ वरचा तासकाटा १२ आणि १ च्या बरोबर मध्ये हवा. तासकाटा उड्या मारत नाही, हळू सरकतो.

८. बंद करा, शून्यावर आणा आणि एक तास घड्याळ तसंच राहू द्या. ६ वरचा तासकाटा जागेवर आहे का? क्रोनोग्राफ बंद असताना तो पुढे सरकलेला दिसला तर त्याला रोखणारा ब्रेक पकड धरत नाही. जुन्या व्हालजू ७२ मध्ये हा दोष नेहमी सापडतो. पाहायला क्षुल्लक वाटतो, पण तासांची यंत्रणा डायलच्या खाली असल्यामुळे दुरुस्तीसाठी सगळे काटे आणि डायल काढावी लागते. पन्नास वर्षांचे काटे काढणं हेच सगळ्यात जोखमीचं काम. म्हणून विकत घेण्याआधी ही एक तासाची वाट पाहण्यात कंटाळा करू नका. विकणारा एक तास थांबायला तयार नसेल तर घड्याळ परत ठेवा.

> तपासा: ८ पैकी प्रत्येक पायरीला "ठीक", "शंका" किंवा "दोष" अशी खूण. नुसतं "क्रोनोग्राफ चालतो" लिहून भागत नाही.

## टप्पा ४: अंधारात चमकरंग

खोली पूर्ण काळोखी करा, डोळे दोन-तीन मिनिटं सरावू द्या. यूव्ही टॉर्च दहा सेकंद डायलवर धरा आणि बंद करा.

१९६० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत घड्याळांत रेडियम वापरलं जाई, नंतर ट्रिशियम आलं. ट्रिशियम असलेल्या डायलवर बहुधा छोटा टी छापलेला असतो. ट्रिशियमचं अर्धं आयुष्य १२ वर्षांच्या थोडं पुढे आहे, त्यामुळे साठच्या दशकातल्या रंगाची स्वतःची चमक कधीच संपली. टॉर्चखाली तो उजळेल, पण टॉर्च बंद करताच काही क्षणांत विझेल. मिनिटभराहून जास्त हिरवा उजेड देत राहिला तर तो रंग नवा भरलेला आहे, भलेही त्याला जुनी पिवळी छटा दिली असेल.

सगळे ठिपके आणि सगळे काटे एकमेकांसारखे वागतात का ते महत्त्वाचं. डायलवरचे ठिपके विझले आणि काटे चमकत राहिले तर काटे दुसरे आहेत किंवा पुन्हा भरलेले आहेत.

> इशारा: रेडियमचं अर्धं आयुष्य १,६०० वर्षं आहे. त्याची चमक गेली तरी किरणोत्सर्ग तसाच असतो. काच बंद असताना घड्याळ अधूनमधून घालण्याने मोठा धोका नाही, पण रंगाची भुकटी श्वासातून किंवा पोटात जाणं धोक्याचं आहे. काट्यांच्या सावलीसारखे तपकिरी भाजलेले डाग डायलवर दिसले, किंवा रेडियमची शंका असली, तर घरी झाकण उघडू नका. काम करणाऱ्याला आधी सांगा.

रंग तडकलेला, सुटा पडायला आलेला असेल तर आता घड्याळ हलवू नका आणि क्रोनोग्राफही वापरू नका. सुटलेला कण मशीनमध्ये गेला की चाक अडतं.

## टप्पा ५: झाकण उघडणं

हे घरी करायचं काम नाही, पण समोर बसून पाहायचं काम नक्की आहे. झाकण फिरवून निघणारं आहे की दाबून बसवलेलं, हे आधी ओळखायला सांगा. फिरवून निघणाऱ्याला आधी रबरी चेंडूने प्रयत्न, नाही हललं तर खाचांना नेमकं बसणारं हत्यार. कात्री किंवा दोन टोकांचा कंपास वापरणाऱ्याच्या हातात घड्याळ देऊ नका. झाकणावरचे अर्धवर्तुळाकार ओरखडे त्यातूनच येतात आणि ते काढायला मग पॉलिश करतात.

आत काय पाहायचं:

बॅलन्स चाकाच्या (मागेपुढे झोके घेणाऱ्या चाकाच्या) खाली, मुख्य प्लेटवर, ७२ हा आकडा असतो. चाक हलत असताना तिरक्या उजेडात तो दिसतो. मग कॉलम व्हील शोधा. किल्ल्याच्या बुरुजासारखे उभे खांब असलेलं छोटं चाक. ते नसेल आणि त्या जागी चपटी कॅम असेल तर मशीन व्हालजू ७७३० च्या घराण्यातलं आहे. ते वाईट नाही, कॅरेरातच ते आलं, पण ७७५३ या संदर्भ क्रमांकाच्या दोन डायलींच्या घड्याळात. २४४७ मध्ये व्हालजू ७२ आणि ३६४७ या दोन डायलींच्या घड्याळात व्हालजू ९२ असायला हवं. क्रमांक आणि मशीन जुळत नसेल तर घड्याळ जोडून बनवलेलं आहे.

ब्रिजवरची (चाकांना वरून धरणाऱ्या पट्टीवरची) सही वाचा. १९६४ मध्ये ह्यूअर आणि लिओनिदास या कंपन्या एकत्र आल्या. त्याआधीच्या मशीनवर एड. ह्यूअर अशी, नंतरच्यांवर ह्यूअर-लिओनिदास अशी सही असते. अनुक्रमांकावरून घड्याळ ज्या काळातलं ठरतं त्याच्याशी ही सही ताडा.

स्क्रूंच्या खाचा पाहा. खाचांच्या कडा चुरगळलेल्या असतील तर आधीच्या हाताने चुकीचा स्क्रूड्रायव्हर लावलेला आहे. चावीच्या दांड्याजवळ आणि बटणांजवळ तांबूस गंज आहे का? झाकणाच्या खोबणीत काळा, डांबरासारखा चिकट थर म्हणजे वितळलेली जुनी रबरी रिंग. तो मशीनपर्यंत ओघळला नाही ना, ते तपासा.

आणि झाकणाच्या आतल्या बाजूला टोकदार सुईने कोरलेले बारीक अंक, अक्षरं, तारखा असतील. जुन्या कारागिरांनी सर्व्हिसच्या वेळी केलेल्या नोंदी आहेत त्या. फोटो काढा. कुणालाही त्या घासू देऊ नका.

## टप्पा ६: सर्व्हिसला देताना लेखी यादी

तोंडी सांगितलेलं दुकानात राहत नाही. कारागीर चांगला असला तरी "साफ करून चकचकीत देणं" हेच त्याला गिऱ्हाइकाचं समाधान वाटतं. म्हणून कागदावर लिहा, दोन प्रती काढा, एकीवर सही घ्या.

करायचं नाही:

- केस, झाकण, चावी, बटणं यांना पॉलिश नाही. केस फक्त पाण्याने धुवायची, तीही मशीन बाहेर काढल्यावर.
- डायलला कोणताही द्रव लावायचा नाही. धूळ फक्त फुग्याच्या हवेने. चिकट पुट्टीसुद्धा छपाई उचलू शकते.
- चमकरंग भरायचा नाही. तडकलेला असेल तर आहे तसा मागच्या बाजूने पक्का करता येईल का, हे आधी विचारायचं.
- काटे बदलायचे नाहीत.
- काढलेला प्रत्येक जुना भाग पुडीत घालून परत.

करायचं:

- मशीन पूर्ण सुटं करून धुणं, नवं तेल, नवी मुख्य स्प्रिंग, नवे सील.
- काटे काढताना डायलवर पातळ प्लास्टिक ठेवणं. मोठ्या क्रोनोग्राफ काट्याची नळी नाजूक असते, वारंवार काढली की सैल होते. एकदाच काढायची आणि सगळी कामं त्याच वेळी करायची.
- घड्याळाची चाल मोजणाऱ्या यंत्रावरची मोजणी क्रोनोग्राफ बंद आणि चालू, दोन्ही वेळा, कागदावर छापून.

क्रोनोग्राफचा अनुभव नसलेल्या माणसाकडे देऊ नये याचं कारण एवढंच नाही की भाग जास्त असतात. या मशीनमध्ये काही एक्सेंट्रिक स्क्रू आहेत. दिसायला साधे, पण ते फिरवले की चाक दातांत किती खोल जातं ते बदलतं. साधी घड्याळं उघडणारा माणूस सवयीने तेही सोडवतो. झालं, कारखान्यात लावलेली मांडणी गेली. मग काटा उड्या मारतो, मिनिटं चुकतात, आणि दोष शोधत मशीन तीनदा उघडलं जातं. म्हणून विचारा: "एक्सेंट्रिक स्क्रू फिरवणार का?" योग्य उत्तर असं: आधी खूण करून ठेवणार, गरज पडली तरच फिरवणार.

दुसरा प्रश्न तेलाचा. क्रोनोग्राफच्या चाकांच्या दातांना तेल लावायचं नसतं. तेल लागलं की धूळ चिकटते आणि बारीक दात बुजतात. तेल टोकांना, ग्रीस घासणाऱ्या पट्ट्यांना, दात कोरडे. सगळीकडे भरपूर तेल घालून देणारा माणूस घड्याळाचं आयुष्य कमी करतो.

परत आल्यावर छापील मोजणी पाहा. पूर्ण चावी, डायल वर: बॅलन्सचा झोका साधारण २७० ते ३०० अंश. क्रोनोग्राफ चालू केल्यावर तो २०-४० अंशांनी उतरणं ठीक. ५० च्या वर घसरला तर चाक जास्त खोल रुतलंय किंवा घर्षण राहिलंय. मोजणी करताना यंत्रात या मशीनचा लिफ्ट अँगल (झोका मोजायला यंत्राला लागणारा, प्रत्येक मशीनचा ठरलेला कोन) भरलेला आहे ना, तेही विचारा. यंत्रात आधीपासून असलेला दुसराच आकडा तसाच ठेवला तर अंश चुकीचे येतात आणि बिघडलेलं मशीन ठणठणीत दिसतं.

> तपासा: टप्पा ३ च्या आठही पायऱ्या दुकानातच पुन्हा करा. आधीच्या आणि आताच्या फोटोंत लगच्या धारा शेजारी ठेवून पाहा.

## टप्पा ७: काच

काच प्लास्टिकची आहे, त्यामुळे वरवरचे ओरखडे घरीच जातात. केसला काचेच्या कडेपर्यंत टेप लावा, बटणांसह. प्लास्टिक काचेची पॉलिश क्रीम वाटाण्याएवढी घ्या, सुती कापडाने ओरखड्याच्या आडव्या दिशेने दोन-तीन मिनिटं घासा, पुसा, पाहा. गरज पडली तर आणखी एकदा. टेप न लावता घासलं की तीच क्रीम केसची धार खाते.

कडेला तडे असतील तर काच बदलावीच लागते, कारण ओल तिथूनच शिरते. कॅरेराच्या बाबतीत सांगायचं एवढंच: जुनी छापील रिंग नव्या काचेत परत बसली पाहिजे, १२ ची खूण जुळवून. रिंगसकट आलेली बाजारातली काच बसवून मूळ रिंग कचऱ्यात गेल्याची प्रकरणं थोडी नाहीत. काच बदलताना जुनी काच आणि रिंग दोन्ही तुमच्या हातात परत आली पाहिजेत, मग त्यातली रिंग तुमच्यासमोर बसवून घ्या.

## टप्पा ८: पट्टा आणि रोजचा वापर

लगमधलं अंतर मोजून पट्टा घ्या. २४४७ ला १८ मिलिमीटरचा बसतो. मूळ पोलादी पट्टा मिळाला असेल तर जपून ठेवा, पण रोज घालू नका. सैल झालेल्या पट्ट्याची टोकं लगच्या आतल्या बाजूला खोबण पाडतात.

क्रोनोग्राफ शोभेसाठी सतत चालू ठेवू नका. आडवं सरकणारं चाक सतत घासत राहतं आणि झोकाही कमी राहतो. मोजायचं ते मोजा, बंद करा, शून्यावर आणा. आठवड्यातून एक-दोनदा वापरलं तर पुरे.

टॅकिमीटर असेल तर वापरायची रीत: एक किलोमीटर अंतराला लागलेले सेकंद मोजा, काटा ज्या आकड्यावर थांबेल तो वेग. ३,६०० भागिले सेकंद, एवढंच गणित आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर किलोमीटरच्या दगडांमध्ये ४५ सेकंद लागले तर ८०, ३६ लागले तर १००. बटण शेजारी बसलेल्याने दाबावं, चालवणाऱ्याने नाही. वेग ६० च्या खाली असेल तर काटा एका फेरीत मावत नाही. मग अर्धाच किलोमीटर मोजा आणि आलेल्या आकड्याचा निम्मा घ्या.

## टप्पा ९: पावसाळा

मुंबई, कोकण, गोवा इथे जून ते सप्टेंबर हे घड्याळ बाहेर घालू नये. नवे सील बसवले तरी जुन्या नळीतली बटणं पाणी अडवण्याच्या लायकीची राहिलेली नसतात. ओल्या हाताने बटण दाबलं की दांड्याबरोबर पाणी आत ओढलं जातं.

हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या दोन पुड्या, रंग बदलणाऱ्या. रंग बदलला की पुड्या बदला किंवा वाळवा. घड्याळ डायल वर करून, क्रोनोग्राफ शून्यावर, चामड्याचा पट्टा काढून वेगळा ठेवा. बुरशी पट्ट्यावर आधी येते. स्पीकर, लॅपटॉप आणि चुंबकाचं कव्हर असलेला फोन यांच्यापासून डबा लांब. महिन्यातून एकदा काढा, चावी द्या, दिवसभर चालू द्या, क्रोनोग्राफ एक-दोनदा फिरवा.

काचेच्या आत धुकं दिसलं तर तांदळाच्या डब्यात घालू नका, तांदळाची पूड चावीच्या फटीतून आत जाते. दिव्याखाली किंवा उन्हातही नको. गरम झाल्यावर वाफ डायलवर बसते. चावी बाहेर ओढा, सिलिका जेलच्या डब्यात डायल वर ठेवा आणि त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, उघडून वाळवून घ्या. धुकं दिसेनासं झालं म्हणून थांबू नका. काचेवरचं पाणी तेवढं गेलेलं असतं, दांड्यावरचं आणि स्प्रिंगवरचं अजून तिथेच असतं आणि गंज धरायला त्याला काही दिवस पुरतात.